एका देशाचे इंटरनेट बंद होते तेव्हा

२७ जानेवारी २०११ ची मध्यरात्र उलटून गेली होती. इजिप्तची राजधानी कैरो येथे पुष्कळ तरुण अजून संगणकासमोर जागे होते. दुसरा दिवस शुक्रवारचा. दुपारच्या नमाजानंतर सरकारविरुद्ध मोठे मोर्चे निघायचे होते आणि कोणी कोठे जमायचे ह्याचे निरोप भराभर फिरत होते. आणि मग एकाएकी पडद्यावरची पाने उघडेनाशी झाली. ई-मेल जाईना, येईना. सुरुवातीला प्रत्येकाला वाटले, आपल्याच यंत्रात काहीतरी बिघाड असावा.

त्याच सुमारास अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात रेनेसिस नावाच्या कंपनीची यंत्रे जगभरच्या इंटरनेटच्या मार्गांवर लक्ष ठेवून होती. त्यांच्या आलेखावर इजिप्तची रेषा कडा कोसळावा तशी खाली आली. अर्ध्या तासाच्या आत त्या देशाकडे जाणारे सुमारे ३,५०० मार्ग नकाशावरून नाहीसे झाले होते. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे चार वाजत होते.

भूकंप झाला नव्हता. समुद्रातली केबल तुटली नव्हती. कैरोत दिवे लागलेले होते, घरचे साधे दूरध्वनीही चालू होते. मग आठ कोटी वस्तीच्या देशाचे इंटरनेट गेले कोठे? आणि ते घालवता येते तरी कसे? इंटरनेटला मालक नाही, त्याला मध्यवर्ती कचेरी नाही, ते कोणालाच बंद करता येणार नाही, असे तर आपण नेहमी ऐकत आलो आहोत!

आधी थोडी पार्श्वभूमी पाहू या. होस्नी मुबारक हे ऑक्टोबर १९८१ पासून इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष होते. तेव्हापासून देशात आणीबाणीचा कायदा सलग लागू होता. खटल्याशिवाय माणसाला डांबून ठेवता येई. मोर्चा, सभा, वृत्तपत्र ह्या सर्वांवर बंधने होती. अशा देशात माणसे एकमेकांशी मोकळेपणी बोलणार कोठे? २००८ साली नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील महल्ला अल-कुब्रा ह्या कापडगिरण्यांच्या गावी कामगारांनी ६ एप्रिलला संप पुकारला, तेव्हा त्यांना पाठिंबा देण्यासाठी काही तरुणांनी फेसबुकवर एक गट उघडला. बघता बघता हजारो लोक त्यात आले. मग ६ जून २०१० रोजी अलेक्झांड्रिया शहरात खालेद सईद नावाचा २८ वर्षांचा तरुण पोलिसांच्या मारहाणीत मरण पावला. त्याच्या विद्रूप झालेल्या चेहऱ्याचे छायाचित्र लोकांपर्यंत पोहोचले आणि ‘आपण सगळे खालेद सईद’ ह्या नावाचे एक पान सुरू झाले. ते कोण चालवतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे कळले की तो वाएल घोनिम हा गूगल कंपनीत नोकरी करणारा संगणक अभियंता होता. २५ जानेवारी हा इजिप्तमध्ये ‘पोलीस दिन’ असतो. नेमक्या त्याच दिवशी रस्त्यावर या, अशी हाक ह्या पानावरून दिली गेली, आणि लोक खरोखरच आले. सरकारने त्या दिवशी ट्विटर अडवले, दुसऱ्या दिवशी फेसबुक. तरीही निरोप थांबेनात. तेव्हा २७ च्या रात्री सगळेच बंद करण्याचा हुकूम सुटला. घोनिमलाही त्याच सुमारास पोलिसांनी रस्त्यातून उचलून नेले.

आता विज्ञानाकडे वळू.

तुम्ही मित्राला एखादे छायाचित्र पाठवता तेव्हा ते अखंड जात नाही. संगणक त्याचे बारीक बारीक तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक घालतो, आणि अशी शेकडो छोटी पाकिटे तारेवर सोडून देतो. घेणाऱ्याच्या संगणकात ती पुन्हा क्रमाने जोडली जातात. वाटेत एखादे हरवले तर ते पुन्हा मागवले जाते. ही कल्पना पॉल बॅरन ह्या अमेरिकन अभियंत्याने १९६४ मध्ये सविस्तर मांडली. त्याच्यापुढे प्रश्न होता तो अणुयुद्धाचा. मुख्य टेलिफोन केंद्रावर बॉम्ब पडला तर साऱ्या देशाचे दळणवळण खुंटेल, ते खुंटू नये म्हणून काय करावे? त्याचे उत्तर असे, की मुख्य केंद्र ठेवूच नका. कोळ्याच्या जाळ्याला मधोमध एक बिंदू असतो. त्याऐवजी मासेमारीच्या जाळ्यासारखी रचना करा. चार गाठी तुटल्या तरी पाकीट पाचव्या गाठीवरून वाट काढील.

पत्त्याची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचा पत्ता चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ ह्यांमधला. म्हणजे २५६ चा चौथा घात, सुमारे ४२९ कोटी पत्ते. आता गंमत पाहा. आपल्या टपालाला पिनकोड असतो. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला आणि ती योजना श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या मराठी अधिकाऱ्याने आखली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पिनकोडचा पहिला आकडा ४ असला की टपाल पश्चिम विभागाचे, हे देशातला कोणताही टपाल कर्मचारी सांगू शकतो, कारण ते ठरवून छापलेले आहे. इंटरनेटच्या पत्त्यांचे तसे नाही. कोणत्या पत्त्याचे पाकीट कोणत्या दिशेला टाकायचे ह्याचे छापील पुस्तक जगात कोठेही नाही. मग राउटर नावाची यंत्रे पाकिटांना वाट दाखवतात ती कशाच्या आधारावर?

शेजाऱ्याच्या शब्दावर! हे वाचून हसू येईल, पण ते अक्षरशः खरे आहे. इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र जाळ्यांची जोडणी. एखादी टेलिफोन कंपनी, एखादे विद्यापीठ, एखादी बँक ह्यांचे आपापले जाळे असते. प्रत्येक जाळे आपल्या शेजारच्या जाळ्याला सांगते, “अमुक ते अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, त्यांची पाकिटे माझ्याकडे द्या.” तो शेजारी आपल्या शेजाऱ्याला सांगतो, “त्या पत्त्यांकडे माझ्यामार्गे जाता येते.” असे सांगत सांगत ही बातमी थोड्याच वेळात जगभर पोहोचते आणि प्रत्येक राउटर आपल्या तक्त्यात तिची नोंद करून ठेवतो. बोलण्याच्या ह्या रीतीला बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, थोडक्यात बीजीपी, म्हणतात. १९८९ च्या जानेवारीत दोन अभियंत्यांनी जेवणाच्या टेबलावर, हात पुसण्याच्या कागदी रुमालांवर तिचा पहिला आराखडा खरडला होता. आज सारे जग त्याच रीतीच्या सुधारलेल्या आवृत्तीवर चालते.

ह्या रीतीत जसे ‘पत्ते माझ्याकडे आहेत’ असे सांगता येते, तसेच ‘आता नाहीत’ असेही सांगता येते. केबल बिघडली, यंत्र दुरुस्तीला काढले, तर हे सांगावेच लागते. नाहीतर पाकिटे आंधळ्या गल्लीत जाऊन पडतील. त्या रात्री इजिप्तमधील मोठ्या कंपन्यांनी एकामागून एक नेमके हेच सांगितले. टेलिकॉम इजिप्तने आधी, मग राया, लिंक, एतिसलात अशा इतरांनी. कोणतीही तार कापावी लागली नाही. काही अभियंत्यांनी आपल्या जागी बसून आज्ञेच्या काही ओळी लिहिल्या, एवढेच. त्या काळी जगाच्या तक्त्यात एकूण साडेतीन लाखांच्या आसपास मार्ग होते. म्हणजे शंभरातला एक मार्ग त्या रात्री पुसला गेला. इजिप्तमधले संगणक जागेवरच होते, त्यांचे पत्तेही तेच होते. पण तेथे कसे जायचे हे जगात कोणालाच ठाऊक उरले नाही.

हा प्रकार वर्गात करून पाहण्याजोगा आहे. वीस विद्यार्थ्यांना आपापल्या बाकांवर बसवावे. प्रत्येकाने फक्त हात पोहोचेल अशा शेजाऱ्याशी बोलायचे. एका कोपऱ्यातील सहा जणांचा एक देश मानावा आणि त्यांतील दोघांचेच हात बाहेरच्यांना पोहोचतील अशी बाके लावावीत. सर्वांनी आपले नाव शेजाऱ्याला सांगावे, त्याने पुढे सांगावे, आणि प्रत्येकाने कागदावर तक्ता करावा: ‘सुमनला चिठ्ठी द्यायची तर ती राजूकडे द्यावी.’ तक्ते पुरे झाले की नावे घातलेल्या चिठ्ठ्या सोडाव्यात. त्या बरोबर पोहोचतात! मग शिक्षकांनी त्या दोन दारावरच्या मुलांच्या कानात सांगावे, “तुमच्या मागच्यांची नावे परत घ्या.” पुढची चिठ्ठी कोठे अडकते ते पाहावे. नंतर बाके हलवून बाहेर पोहोचणाऱ्यांची संख्या दोनाऐवजी सहा करावी, आणि शिक्षकांना पुन्हा सर्वांच्या कानात सांगत फिरावे लागते तेव्हा किती वेळ जातो आणि सहापैकी एखादा “मी नाही सांगणार” म्हणाला तर काय होते, तेही पाहावे.

बॅरनच्या जाळ्याचे मर्म ह्या खेळात सापडते. जाळे तुटत नाही ते त्याला अनेक वाटा असल्यामुळे. सगळ्या वाटा एकाच फाटकातून जात असतील, तर आत कितीही गाठी असोत, फाटकवाला सांगेल तेच खरे. इजिप्तचे फाटक कोठे होते? कैरोतील रामसेस रस्त्यावर टेलिकॉम इजिप्तच्या मालकीची एक मोठी इमारत आहे. देशाबाहेर जाणाऱ्या बहुतेक वाटा तेथे एकत्र येत. परदेशी जाणाऱ्या प्रकाशतंतूंवर त्याच सरकारी कंपनीचा ताबा. दुसऱ्या कंपन्यांना वाट भाड्याने घ्यायची तर तिच्याकडूनच. शिवाय परवाने देणारे सरकार, आणि २००३ च्या दूरसंचार कायद्याने आणीबाणीत हुकूम देण्याचा अधिकारही सरकारलाच. व्होडाफोन कंपनीने दुसऱ्या दिवशी निवेदन काढले, की काही भागांतील सेवा थांबवण्याचा आदेश आला आहे आणि कायद्याने तो पाळणे आम्हाला भाग आहे. मोबाइल फोनही त्या शुक्रवारी मुके झाले.

येथे आपल्या देशातील एक जुनी गोष्ट आठवते. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली, तेव्हा दिल्लीतील बहादूरशहा जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांच्या छापखान्यांचा वीजपुरवठा तोडण्यात आला. बहुतेक मोठी वर्तमानपत्रे त्याच रस्त्यावर होती. एक कळ दाबली की काम झाले! पण हिंदुस्तान टाइम्स आणि स्टेट्समन ह्यांच्या कचेऱ्या कनॉट प्लेसच्या बाजूला होत्या, तेथे वीज दुसऱ्या यंत्रणेकडून येत असे, आणि २६ तारखेला सकाळी ती दोन वर्तमानपत्रे लोकांच्या हाती पडली. अंधार किती पसरेल हे तारा कोठून आल्या आहेत त्यावर ठरते.

इजिप्तमध्येही एक तार दुसरीकडून आलेली निघाली. नूर नावाच्या एका लहान कंपनीने आपले मार्ग परत घेतले नव्हते. अरबी भाषेत नूर म्हणजे प्रकाश. शब्द आपल्याही ओळखीचा आहे. ह्या कंपनीच्या ग्राहकांत कैरोचा शेअर बाजार होता, म्हणून तिला वगळले असावे असा तर्क त्या वेळी अनेकांनी केला. ज्यांच्या घरी नूरची जोडणी होती त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून आपला संगणक मोकळा करून दिला. ३१ जानेवारीच्या रात्री हाही दिवा विझला.

पण घरचे दूरध्वनी चालू होते ना? तेवढे पुरे होते. फ्रान्समधील फ्रेंच डेटा नेटवर्क ह्या हौशी लोकांच्या संस्थेने पॅरिसचा एक दूरध्वनी क्रमांक जाहीर केला. जुना मोडेम दूरध्वनीला जोडावा, हा नंबर फिरवावा, नाव ‘तोतो’, परवलीचा शब्दही ‘तोतो’, की इंटरनेट सुरू! तुमच्या आईवडिलांना मोडेमची ती किरकिर आणि शीळ आठवत असेल. मोडेम अंकांचे रूपांतर आवाजात करतो आणि पलीकडचा मोडेम आवाजाचे पुन्हा अंक करतो, म्हणून साध्या बोलण्याच्या तारेवरून संगणकाचा मजकूर जाऊ शकतो. वेग मात्र बेताचा, सेकंदाला फार तर ५६,००० बिट. एक मेगाबाइटचे छायाचित्र म्हणजे ८० लाख बिट. भागाकार करून पाहा, जवळजवळ अडीच मिनिटे लागतात. आणि परदेशी फोनचे बिल वेगळेच. तरीही लोकांनी हा उपाय वापरला. गूगल, ट्विटर आणि सेनाऊ ह्या कंपन्यांच्या अभियंत्यांनी शनिवार-रविवारच्या सुट्टीत आणखी एक युक्ती तयार केली. ठराविक नंबरवर फोन करून बोलायचे, की तो आवाज आपोआप ट्विटरवर ऐकायला मिळे. लिहिता येणे, संगणक असणे, कशाचीच गरज नाही.

सर्वांत जुने साधन तर ह्याहून सोपे होते. मोर्च्यात कसे वागावे, काय घालून यावे, कोणत्या रस्त्याने यावे, हे सांगणारी २६ पानांची एक पुस्तिका त्या दिवसांत हातोहात फिरली. तिच्यात स्पष्ट लिहिले होते, की ही फेसबुकवर किंवा ट्विटरवर टाकू नका, तेथे पाळत असते. छायाप्रती काढून वाटा. म्हणजे इंटरनेटवर वाढलेली ती पिढी इंटरनेटला ओळखूनही होती.

एक गोष्ट मात्र त्या पाच दिवसांत अखंड चालू राहिली, आणि तिचा संबंध थेट आपल्याशी आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या कित्येक समुद्री केबल अरबी समुद्र आणि तांबडा समुद्र ओलांडून इजिप्तच्या भूमीवरून भूमध्य समुद्रात उतरतात आणि तेथून युरोपला जातात. हा मार्ग किती मोलाचा आहे ह्याचा अनुभव आपण ३० जानेवारी २००८ रोजी घेतला होता. अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट कित्येक दिवस मंदावले. २०११ मध्ये मात्र ह्या केबलना धक्का लागला नाही. त्यांतून जाणारी पाकिटे इजिप्तमध्ये उतरत नव्हती; एखादी लांब पल्ल्याची गाडी लहान स्थानकावर न थांबता धडधडत निघून जावी, तशी ती जात होती. आशियातून युरोपला जाणारे कोट्यवधी निरोप कैरोच्या जवळून प्रकाशाच्या वेगाने पळत होते आणि कैरोतल्या माणसाला शेजारच्या गल्लीतल्या मित्राला ई-मेल पाठवता येत नव्हता, कारण दोघांच्याही पत्रपेट्या अमेरिकेतल्या संगणकांवर होत्या.

मग सरकारचा हेतू साधला का? २८ जानेवारीला कैरोतच नव्हे, अलेक्झांड्रिया, सुएझ अशा अनेक शहरांत लोक रस्त्यावर उतरले. येल विद्यापीठातील नाविद हसनपूर ह्या संशोधकाने नंतर ह्या जमावांचा अभ्यास केला. त्याला असे आढळले, की आधी गर्दी मुख्यतः तहरीर चौकाकडे लोटत होती; संपर्क तोडल्यावर ती ठिकठिकाणी पसरली आणि पोलिसांना आवरेनाशी झाली. कारण उघड आहे. घरी बसून पडद्यावर बातम्या पाहणाऱ्याला आता बातमी हवी तर बाहेर पडावे लागले. मुलगा फोन उचलत नाही म्हणून आईबाप त्याला शोधायला निघाले. जे काठावर उभे होते त्यांनाही कळून चुकले, की काहीतरी फार मोठे घडत असले पाहिजे. नाहीतर सरकारने असे का केले असते?

विद्यार्थ्यांनी येथे थोडे सावध राहावे. २८ तारीख शुक्रवार होती. मशिदींतून लाखो लोक एकाच वेळी बाहेर येणार होते आणि मोर्च्याची हाक आधीच दिली गेली होती. इंटरनेट चालू असते तर गर्दी कमी झाली असती की जास्त, हे प्रयोगशाळेत तपासता येत नाही, कारण तो शुक्रवार पुन्हा आणता येत नाही. इंटरनेटमुळे क्रांती झाली असे जे सर्रास लिहिले जाते तेही मला घाईचे वाटते. महल्लाचे गिरणी कामगार वर्षानुवर्षे संप करीत होते. त्यांतील बहुतेकांच्या घरी संगणक नव्हता. एवढे मात्र नक्की म्हणता येईल, की बंदीमुळे मोर्चे थांबले नाहीत. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने त्या पाच दिवसांतील नुकसान किमान ९ कोटी डॉलर होते असा अंदाज काढला. २ फेब्रुवारीला सकाळी साडेअकराच्या सुमारास मार्ग परत जाहीर होऊ लागले आणि अमेरिकेतील त्या आलेखावरची रेषा सरळ वर चढली. ७ तारखेला घोनिम सुटला. ११ फेब्रुवारीला मुबारक पायउतार झाले. मे महिन्यात कैरोच्या एका न्यायालयाने संपर्क तोडल्याबद्दल मुबारक, त्यांचे पंतप्रधान आणि गृहमंत्री ह्यांना मिळून ५४ कोटी इजिप्शियन पौंडांचा दंड ठोठावला. तो २०१८ मध्ये वरच्या न्यायालयाने रद्द केला.

गोष्ट येथे संपली असती तर बरे झाले असते. पण ह्या पाच दिवसांचा धडा दोन्ही बाजूंनी गिरवला. ५ मार्च २०११ रोजी कैरोतील गुप्त पोलिसांच्या मुख्यालयात आंदोलक शिरले. तेथे कागदाच्या चिंध्यांचे ढीग होते, आणि न फाडलेल्या कागदांत एका परदेशी कंपनीचा प्रस्ताव सापडला. लोकांच्या संगणकात चोरून शिरून त्यांचे ई-मेल आणि संभाषणे टिपणारी प्रणाली तिने देऊ केली होती. जाळे तोडण्यापेक्षा ते चालू ठेवून त्यातून ऐकणे अधिक उपयोगी, हा विचार तेथे आधीपासूनच होता.

ऐकतात कसे? आपली पाकिटे जर पोस्टकार्डासारखी उघडी असतील, तर मधला प्रत्येक टपालवाला ती वाचू शकतो. म्हणून मजकूर सांकेतिक भाषेत बदलून पाठवतात. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह असे, ते ह्याचसाठी. कुलूप चांगले असेल तर आतला मजकूर वाचता येत नाही. तरी पाकिटावरचा पत्ता झाकता येत नाही, कारण तो झाकला तर पाकीट पोहोचणारच नाही. कोण कोणाशी, किती वाजता, किती वेळ बोलला हे फाटकवाल्याला दिसतच राहते, आणि त्यावरूनच ठराविक पत्त्यांची पाकिटे वेचून फेकूनही देता येतात. मे २०१७ मध्ये इजिप्तच्या पुढच्या लष्करी वळणाच्या सरकारने अशी २१ संकेतस्थळे अडवली, मग ती संख्या शेकड्यांत गेली. २०१८ च्या कायद्याने तर ज्याच्या खात्याला ५,००० पेक्षा जास्त अनुयायी असतील, त्याला वृत्तपत्राप्रमाणेच जबाबदार धरता येऊ लागले. २०११ च्या तरुणांपैकी आला अब्देल फत्ताह हा संगणक-प्रणालीकार पुढली बहुतेक वर्षे तुरुंगात होता. कैरो विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या त्याच्या आईने त्याच्या सुटकेसाठी कित्येक महिने उपोषण केले. सप्टेंबर २०२५ मध्ये तो सुटला.

इतर देशांनीही ही कळ वापरली आहे. सीरियात २९ नोव्हेंबर २०१२ रोजी देशाचे सारे मार्ग एकदम पुसले गेले. त्याच महिन्यात रेनेसिसने जगभरचा हिशेब मांडला होता. ६१ देश असे निघाले, की जेथे बाहेर जाणारी वाट फक्त एका किंवा दोन कंपन्यांच्या हाती आहे. भारतात बाहेर जाणाऱ्या वाटा पुष्कळ आहेत, त्यामुळे साऱ्या देशाचे इंटरनेट एका रात्रीत पुसणे कठीण. जिल्ह्यापुरती बंदी मात्र आपल्याकडे वारंवार होते. तिचे नियम २०१७ मध्ये झाले आणि २०२४ मध्ये नव्याने आले. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून इंटरनेट बंद होते. जलद मोबाइल सेवा सर्वत्र परत आली ती ५ फेब्रुवारी २०२१ ला. मधल्या काळात, १० जानेवारी २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी बंदी बेमुदत असू शकत नाही आणि तिचा आदेश लोकांना दिसेल असा प्रसिद्ध केला पाहिजे.

कैरोतील त्या रामसेस रस्त्यावरच्या इमारतीची बातमी पुन्हा एकदा आली, ती ७ जुलै २०२५ रोजी. तेथे आग लागली आणि टेलिकॉम इजिप्तचे चार कर्मचारी मरण पावले. ह्या वेळी कोणी हुकूम दिलेला नव्हता. तरीही फोन बंद पडले, बँकांचे व्यवहार अडले, विमाने उशिरा सुटली आणि दुसऱ्या दिवशी शेअर बाजार उघडू शकला नाही. चौदा वर्षांनंतरही एवढ्या वाटा त्याच छपराखालून जात होत्या.

तुमच्या शाळेत संगणक असेल तर शिक्षकांच्या मदतीने ‘ट्रेसराउट’ नावाची आज्ञा चालवून पाहा. एखाद्या परदेशी विद्यापीठाच्या संकेतस्थळाचा पत्ता दिला, की तुमचे पाकीट कोणकोणत्या राउटरांवरून गेले त्यांची यादी आणि प्रत्येकाला लागलेला वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागात, पडद्यावर येतो. जेथे हा वेळ एकदम मोठी उडी घेतो, तेथे बहुधा पाकीट समुद्रात उतरलेले असते. त्याच्या आधीच्या ओळी नीट पाहा. कधी कधी राउटरच्या नावात गावाची खूण सापडते. भारतातल्या समुद्री केबल मुख्यतः मुंबई आणि चेन्नई येथे किनाऱ्याला लागतात, आणि मुंबईतल्या बऱ्याच केबल वर्सोव्याच्या वाळूखालून वर येतात.